छाट

अक्कलकोट रोडला, लूमच्या शेडवर पत्र्याची खोली.
संध्याकाळी सात ते साडेआठ माझी शिकवणी.
खालून खटाक-खट, म्हणून मुलं ओरडूनच पाठ करतात:
गो, वेन्ट, गॉन.
ईट, एट, ईटन.
मधेच दोरा तुटतो, लूम थांबतो,
आणि एक 'गॉन' एकटाच गल्लीत ऐकू जातो.

दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर
बालामणी कुरापाटी. मांडीवर सूप,
सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ.
पोरगी आत, सातवीत.
पोरगी सुटेपर्यंत हिच्या दीडशे विड्या होतात.

'काल मी पेपर वाचला',
फळ्यावर इंग्रजीत लिहिलं.
व्यंकटेश उठला, म्हणाला, रीड.
पवित्रा म्हणाली, रीडेड.
मी खडू खाली ठेवला.
बाहेरून, मान वर न करता:
"रेड."

सगळे हसले. तिची पोरगी हसली नाही.
"तुम्हीच म्हणलाव की सर परवा,
तांबड्यासारखं म्हणा म्हणून."

तिनं ते अक्षर कधी बघितलंच नव्हतं,
त्यामुळं ते तिला फसवू शकलं नाही.
'कॉट'मधले जी आणि एच
मुलांच्या घशात माशाच्या काट्यासारखे, काउघ्ट, काउघ्ट;
तिच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते.

कट, कट, कट.
शट, शट, शट.
ही सोपी, काल आज एकच.
ही घेताना मी खिडकीकडे पाठ करतो.
तिकडं गिरणीची चिमणी दिसते.

एकदा तिनं विचारलं,
"सर, ह्यांच्या मागं ईडी कशी लागत नाही?"
नियमात बसत नाहीत, म्हटलं.
"म्हंजे छाट."

सकाळी कारखान्यात चेकर सुपात हात घालतो.
ही जाड. ही सैल. हिचं तोंड मिटलेलं नाही.
बाजूला. त्यांची मजुरी नाही.

"मग छाटीचं काय करता?"
"घरात वापरतेत की. सासरा वढायचा.
टाकतंय कोण."

रात्री जेवताना यादी मनात घोळवली.
खाणं, पिणं, देणं, घेणं,
झोपणं, उठणं, सांगणं, विसरणं.
एकूण एक घरातली.
ईडीवाली कशी, पाहुण्यांसमोर काढायची,
इस्त्रीची घडी न मोडलेली.

आणि आमचं तरी काय.
तिच्या घरी 'रा' म्हणतात, आली की 'वच्चिंदी'.
शेजारच्या सिद्धव्वाकडं 'बा', मग 'बंदळु'.
चौकात 'जा', मग 'गई'.
माझ्या आईला मी 'नको जाऊस' म्हणालो,
तर ती गेली.
'जाली' नाही, गेली.
जाणं
या गल्लीतल्या किती तोंडांना सरळ जमलं?

काल वर्ग सुटताना तिनं सूप आवरलं,
पदरावरची तंबाखू झटकली.
"वळण्याला काय म्हणतेत?"
रोल.
"आन वळून झाल्यावर?"
रोल्ड.
"ईडी लागली?"
लागली.
तिनं शेवटच्या विडीचं तोंड नखानं दाबलं,
दिव्यासमोर धरून बघितली.
"बरं झालं. एक तरी पास."
मग आत हाक मारली,
रा.