‘काही नाही’ नावाचा फोल्डर

ओवळ्याच्या मागे, जिथे डांबर संपतं
आणि स्कूटर आंब्याला टेकवून ठेवावी लागते,
तिथे रविवारी सकाळी साडेसातला
मी ओल्या मातीत पालथा पडलेला असतो.
सरपणाची मोळी घेऊन जाता जाता
बारकीबाई विचारते, “काय हारवलं?”
दर रविवारी तेच विचारते.

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं
मी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला.
मायक्रोमीटर तीनदा टिकटिकला
की श्वास सोडायचा.
इथे श्वास सोडला की संपलं.
रुईवरच्या कडव्याला सगळं कळतं,
सावली, चष्म्याची चमक,
गुडघ्यात कट् झालेलं.
पंख मिटलेले. आता उघडेल. आता.
मी बटण दाबतो
आणि पडद्यावर येतं पान.
नुसतं. जरासं हललेलं.

वर आंब्यावर, बांडगुळाच्या झुबक्याशी
हळदीकुंकू उडत असतं.
वरच्या अंगाने पांढरं, साधं.
हळद खालच्या अंगाला,
आणि कडेकडेने कुंकवाची बोटं.
म्हणजे पालथ्याला ते दिसायचंच नाही.
मग मी उताणा होतो.
मुंग्या कॉलरमधून आत शिरतात.
“त्याची पिल्लं बांडगूळच खातात,” बारकीबाई म्हणते,
“आन् मालक सांगतो, छाट ते, झाड मरंल.
मी सांगितलं, कोयता हारवला.”
कोयता तिच्या कमरेलाच असतो.

घरी रेवती फोटो निवडून देते.
“बाबा, हे उडवू? यात काहीच नाहीये.”
असू दे, म्हणतो.
तिने वेगळा फोल्डर केला, नावही तिनेच दिलं.
चारशे बारा पानं.

या दिवाळीनंतर तिथे निळे पत्रे लागले.
पत्र्यावर पुरुषभर उंचीचं फुलपाखरू,
भगवं-काळं, परदेशी,
या डोंगरावर कधीच न आलेलं.
“हे इकडचं नाही,” मी वॉचमनला म्हणालो.
“मीही नाही,” तो म्हणाला,
आणि खुर्ची सावलीत ओढली.
आंबा दिसला नाही.
बारकीबाई कुठल्या वाटेने जाते आता,
कोणाला विचारावं कळलं नाही.

रात्री फोल्डर उघडला.
रुई. रुई. घाणेरीचं पान, कुरतडलेलं.
पुन्हा रुई.
दोनशे सदतिसावं पान मोठं केलं,
अजून मोठं केलं,
वळलेल्या कडेच्या खालच्या अंगाला
फिकट, उभं, मोहरीहून बारीक
एक अंडं.
ती बसायला आलीच नव्हती.
काम उरकून गेली होती
आणि मी तिला चुकलेला फोटो समजत होतो.

सवयीने अंगठा आणि बोट जवळ आणतो,
मधे जेमतेम एक मिलिमीटर.
“रेवती,” हाक मारतो, “जरा इकडे ये.”
ती आतून विचारते,
“काय हरवलं?”