मागील चिठ्ठी रद्द समजावी

शनिवारी साडेपाचला मी डबा उघडते.
पूर्वी त्यात बिस्किटं यायची.
झाकणाला फट पाडली, वर कागद चिकटवला:
प्रार्थनेसाठी विनंत्या.
कुलूप नाही. क्वार्टर गेटमागच्या आमच्या देवळात
चोरण्यासारखं आहे काय,
लोकांचं मागणं.

पाळकसाहेबांना बारीक अक्षर दिसत नाही,
म्हणून मी वहीत उतरवून देते, ठळक,
तेहतीस वर्षं फळ्यावर लिहिलं तसं.

चिठ्ठी कशावरही असते.
विजेच्या बिलाची पाठ, लग्नपत्रिकेचा कोपरा,
औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा.
म्हाडाचा नंबर लागू दे.
कॅनडाचा व्हिसा, शक्य असल्यास मार्चपूर्वी.
रूथच्या गुडघ्याला उतार पडू दे, जिना तिसऱ्या मजल्याचा आहे
(हे देवाला ठाऊक नसेल म्हणून).
एकाने अर्जासारखा मायना घालून
शेवटी सही केलीय: आपला विश्वासू.
मी हसले.
मग जरा वेळ पेन तसंच धरून बसले.

थोरल्या शिरसाटांना निकाल आपल्या बाजूने हवाय,
धाकट्यांनाही.
वडगावशेरीचे तेच दोन गुंठे.
कोर्टात दोघं एका बाकावर बसत नाहीत,
डब्यात त्यांच्या चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून आल्या,
कुणाच्या तरी पाकिटाचा डिंक.

काही नावं मी गाळते.
दारू सुटू दे, असं असलं तर लिहिते
‘एका कुटुंबासाठी’,
आणि रविवारी ते वाचलं गेलं की
सगळी मंडळी मिळून
दीनानाथच्या पाठीकडे न बघण्याची खटपट करते.

प्रभूने शिकवलं तेव्हा भाकर मागायला शिकवली,
तीसुद्धा आजची.
वही चाळते. आजचं कुणी मागत नाही.
जूनची फी, दिवाळीनंतरचं ऑपरेशन,
अजून न जन्मलेल्या नातवाचा रंग.

पण मी कोण बोलणारी.
आईच्या वेळी ससूनच्या व्हरांड्यात
नऊ रात्री मी म्हटलं, जगू दे तिला.
दहाव्या रात्री म्हटलं, ने.
त्याच बाकावरून, त्याच आवाजात.
पहाटे नर्सने चादर वर ओढली
तेव्हा विचारायचं राहून गेलं:
नऊ ऐकली नाहीस,
की दहावी ऐकलीस,
की नुसता बुधवार उजाडला होता?

तेव्हापासून मी डब्यात काही टाकत नाही.
बाकीच्यांचं उतरवते.

हनोखमामांची चिठ्ठी दर आठवड्याला असते.
खडकीच्या कारखान्यातून निवृत्त,
निळी शाई, दोन घड्या, वर तारीख.
मागच्या खेपेला: मुलाने फोन करावा.
या खेपेला: मागील चिठ्ठी रद्द समजावी.

आला असेल फोन, मला वाटलं.
उपासनेनंतर चहाच्या रांगेत विचारलं.
‘नाही हो,’ म्हणाले,
‘पोरगा कामात असतो. उगाच त्याला
वरून दटावणी नको.’
आणि बशीत चहा ओतून
फुंकर घालत राहिले, निवल्यावरही.

वहीत आता काय करायचं?
ओळ खोडली तर मागितलंच नाही असं होईल,
ठेवली तर मामांचा शब्द मोडेल.
पाळकसाहेब म्हणाले, बाई, तुम्हीच ठरवा.
पुसता येईल अशा पेन्सिलीने मी
समासात लहानसं टिंब दिलं.
ज्याला वाचायचं तो वाचेल.

आज डबा रिकामा करून झाकण लावताना
पर्समध्ये बसचं तिकीट सापडलं, पाठ कोरी.
तारीख घातली.
खाली, सवयीने, स. न. वि. वि.
पलीकडे फर्निचरवाल्याची करवत थांबली,
पुन्हा सुरू झाली.
मी अजून
त्या शेवटच्या ‘वि’पाशीच आहे.