कठीण बी

महिन्याच्या सात तारखेला पगार होतो,
अठरा हजार चारशे.
आठ तारखेला सकाळी त्याचे दहा हजार नऊशे पन्नास झालेले असतात
आणि मी अजून चहासुद्धा प्यालेली नसते.

जालन्यात, बियाण्यांच्या कंपनीत,
मी उगवण तपासते.
ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे,
कागद गुंडाळून ठेवायचा,
सातव्या दिवशी उलगडून मोजायचं :
इतके उगवले, इतके वाकडे, इतके कुजले.
बेरीज शंभरच आली पाहिजे.
एक दाणा कमी भरला
तर क्षीरसागर सर चष्म्यावरून बघतात.

रात्री खोलीवर पुन्हा तेच,
फक्त दाण्यांच्या जागी रुपये.
कंपनीच्याच डायरीत, मागच्या पानापासून लिहीत येते,
कुणी पुढून उघडली तर सुविचार दिसावेत म्हणून.
भाडं साडेतीन, डबा सव्वीसशे,
भिशी दोन,
मोबाइलचा हप्ता साडेचौदाशे, अजून पाच राहिले,
जिंतूरला घरी चार.
उरतात चार हजार आठशे पन्नास.

मग मोठ्या खर्चांचं पान.

लग्न.
अण्णांनी फोनवर आकडा सांगितला : सहा लाख,
‘त्याच्या खाली बरं दिसत नाही लोकायत.’
मी भागाकार केला.
दहा वर्षं, चार महिने,
तेही मधे एकदाही दात दुखला नाही तर.
विचारलं, आणि नोंदणी केली तर?
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू आला.
मग म्हणाले, ‘जेवलीस का?’

स्कूटी, जुनी, पंचेचाळीस हजार.
ही हौस नाही.
पाळी सुटते तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात
आणि एमआयडीसीच्या फाट्यावर रिक्षा नसते.

आईची कवळी.
ती म्हणते राहू दे, मी भाकर कालवून खाते.

एम.एस्सी.
समोर पेन्सिलनं : भिशी, जुलै.

बाराजणींची भिशी, चोवीस हजार, जुलैत माझा नंबर.
जूनच्या शेवटी पॅकिंगमधल्या नुसरत आपा डबा धुताना म्हणाल्या,
‘तुझा नंबर मला देतीस का? माझा डिसेंबरचा घे.
खोलीचं डिपॉझिट भरायचंय, बारा तारखेच्या आत.’
प्रवेश ऑगस्टमध्ये बंद होतात.
मी म्हणाले, सांगते.
संध्याकाळी सांगितलं, घ्या.
का दिला, ते कोणत्या रकान्यात लिहायचं कळेना.
एम.एस्सी.वर फुली मारली, पेनानं.
दुसऱ्या दिवशी त्यांनी खिचडी-खट्टा आणला,
वर पापड.
डब्याचे पंचेचाळीस वाचले, असं लिहिलं.
मग खोडलं.

आमच्या तक्त्यात एक रकाना असतो,
नव्या पोरी हमखास विसरतात :
कठीण बी.
सात दिवस ओलीत राहूनही ज्यानं पाणीच घेतलं नाही.
फुगत नाही, कुजत नाही,
टाकलं तसंच्या तसं.
मुगात चार-पाच निघतातच.
पहिल्या वर्षी मी ते मेलेल्यांत धरले होते.
सरांनी बोलावलं. रागावले नाहीत.
एक दाणा घेऊन नखानं जरासा ओरखडला,
ओल्या कापसावर ठेवला,
म्हणाले, उद्या बघ.
मी बघितलं.

काल रात्री ती फुली खोडायला गेले,
निघाली नाही, कागदच फाटायला लागला.
मग शेजारी पट्टीनं एक रकाना आखला,
वर त्याचं नाव लिहिलं,
खाली पुढच्या वर्षाचा जुलै.
आईची कवळीही तिथेच आणली.
लग्नाचा आकडा आणला नाही.
तो कुठला दाणा, मला अजून ओळखता येत नाही.

आज एकवीस तारीख. बाकी नऊशे चाळीस.
कोपऱ्यावर मोसंबीचा गाडा होता,
साठ रुपये किलो.
भाव विचारून पुढे गेले,
परत आले,
अर्धा किलो घेतली.
लिहिलं : इतर, तीस.