रविवारचा पास

रविवारी काही विकत घ्यायचं नाही, असा आमच्यात नेम.
बसचं तिकीटसुद्धा.
म्हणून महिन्याचा पास काढलेला,
आणि साडेआठला मी डेक्कनच्या थांब्यावर.
चहा आम्हाला वर्ज्यच.
शेजारच्या टपरीवरचं आलं मात्र
नऊ वर्षं झाली तरी ओळख सोडत नाही.

एक बस खडकीला जाते.
तिथे हार्डवेअरच्या दुकानावर आमचा हॉल,
जिन्यात वॉर्निशचा वास,
लोखंडी खुर्च्या.
त्यातली चौथ्या रांगेतली कडेची
भिंगारदिवे बाई माझ्यासाठी धरून ठेवतात
निळी पिशवी ठेवून.
पुढे साळव्यांची तिन्ही पोरं, बिस्किटाचा चुरा,
मागे कुणाचं तरी तान्हं
माझी वेणी ओढत गीतात सूर मिसळतं.
लग्नाचं कुणी विचारत नाही तिथे,
नुसतं प्रार्थनेत नाव घेतात.
ते जास्त लागतं.

दुसरी विमाननगरला.
तिथे अविवाहितांची सभा,
पाचवा मजला, काचा, एसी.
कुणी विजयवाड्याचं, कुणी शिलाँगचं,
इंग्रजीत साक्ष देतात, इंग्रजीतच रडतात,
टिश्यूचा डबा हातोहात फिरतो.
एकही मूल नाही,
त्यामुळे इतकं शांत
की कोण कोणाकडे बघतंय ते ऐकू येतं.
सभेनंतर लिंबूपाण्याचे ग्लास धरून उभे राहतो आम्ही
आणि "कुठल्या कंपनीत?" ह्या प्रश्नाच्या पोटात
दुसराच प्रश्न.
वाईट माणसं नाहीत ती. मीही तिथे
नवे कानातले घालूनच जाते.

आई अजून तिच्या जुन्या चर्चला जाते, क्वार्टरगेटला.
म्हणते, तुमच्यात घंटा नाही, द्राक्षारस नाही,
भिंतीवर क्रूससुद्धा नाही,
मुलगा तरी असू दे.

एकोणतिसावं लागलं तेव्हापासून
खडकी एक आड एक झाली,
मग महिन्यातून एकदा.
पिशवी खुर्चीवरच असायची म्हणे.

मेमधला रविवार.
साळवे तापाने पडलेले,
अध्यक्षांचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
भाकर मोडायला माणूस नाही,
म्हणून विमाननगरहून एकाला बोलावलेलं.
रूबेन मसीह, मेरठचा,
पाचव्या मजल्यावर सगळ्यात अस्खलित बोलणारा.

इथे गुडघे टेकून, मराठी छापलेला कागद,
घामाने अंगठ्याखाली ओला.
ती प्रार्थना अक्षर न् अक्षर म्हणावी लागते.
एक शब्द चुकला की पहिल्यापासून.
तो चुकला.
अध्यक्षांनी मान हलवली.
पुन्हा सुरू. पुन्हा तिथेच अडला,
जोडाक्षरावर, जसं पोर उंबऱ्याला अडतं.
पाव ट्रेमध्ये तुकड्या-तुकड्यांनी वाट बघत होता.
साळव्यांची धाकटी मोठ्याने म्हणाली,
"त्याला येत नाही."

तिसऱ्या वेळी भिंगारदिवे बाईंचे ओठ हलू लागले,
आवाज न करता.
मग कदमांचे. मग माझेही.
अख्खा हॉल ओठांनी त्याच्या पुढे एक-एक शब्द ठेवत होता,
आणि तो, डोळे कागदावर,
आम्हाला न बघता त्यावर पाय देत गेला.
आमेन फार मोठ्याने झालं.
नंतर इवल्या कपातलं पाणी,
घोटभरही नाही.

जिन्यात तो मला म्हणाला,
"वहाँ तो आप इतना नहीं बोलतीं।"
मी म्हटलं, इथेही बोलले नाही.
तो हसला. मग दोन्हीकडच्या बसचं वेळापत्रक विचारलं,
खरं म्हणजे एवढंच झालं.

पुढच्या रविवारी
माझ्या खुर्चीवर निळी पिशवी
आणि शेजारच्या खुर्चीवर बाईंची छत्री,
बाहेर कडक ऊन असताना.
मी काही बोलले नाही.
छत्री उचलली, मांडीवर घेऊन बसले,
सभा संपेपर्यंत कुणी आलं नाही.

आज पुन्हा थांब्यावर.
पास दोन्हीकडे चालतो.
विमाननगरची आधी आली, अर्धी रिकामी.
कंडक्टर म्हणाला, "ताई, चढायचंय का?"