तीनदा नको

तार्तूच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी आइवार म्हणाला,
अक्षरं चारच. ए, सी, जी, टी.
पथ्य एकच पाळायचं:
तेच अक्षर लागोपाठ तीनदा येऊ द्यायचं नाही.
यंत्र अडखळतं मग.
तीन की चार, त्याला सांगता येत नाही.

म्हणून आम्ही सगळं आधी पिंजतो, मग
डीएनएच्या धाग्यांत विणतो.

या आठवड्यात हीउमा बेटाच्या बंदराची दप्तरं:
एकशेचाळीस हिवाळ्यांचा बर्फ,
कधी धरला, कधी फुटला,
कुणाची होडी परत आली नाही.
एका कारकुनाने समासात लिहिलंय, आज कंटाळा आला.
तेही घेतलं. गाळायचा अधिकार आम्हाला नाही,
घालायचा तर नाहीच.

सगळं मिळून मिठाच्या खड्याएवढंही होत नाही.
काचेच्या मण्यांत कोंडून ठेवायचं, हजारो वर्षं,
असं आइवार सांगतो
आणि दुपारभर चष्म्याचं घर शोधत फिरतो.

शनिवारी बोटीने आईकडे.
खिडकीपाशी बसलेली असते लेइदा, वय ब्याऐंशी.
"मारेत, मेंढ्या आत घेतल्यास?"
घेतल्या, एमा.
चहा गाळेपर्यंत पुन्हा,
"मेंढ्या आत घेतल्यास?"
मेंढ्या विकल्या त्याला अकरा वर्षं झाली.
सुरुवातीला मी मोजायचे.
सतरा वेळा की अठरा, मलाही सांगता येत नाही.

आमच्याकडे एकेका धाग्याच्या लाखो प्रती असतात.
काही तुटतात, काही खोटं बोलतात,
बहुतेक जणी म्हणतील ते खरं धरायचं.
या हिशेबाने
मेंढ्या अजून बाहेरच आहेत.

आणि वाचायचं तर दर वेळी थेंबभर काढावं लागतं.
वाचलं की तेवढं कमी.

काल अंधार पडल्यावर मी बूट चढवले, बॅटरी घेतली,
रिकाम्या गोठ्याचं दार उघडलं
आणि तिला खिडकीतून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने
एकेक मोजून आत घेतली. चौदा.
कडी घातली.

परत आले तर म्हणाली,
"काळीसुद्धा?"

काळी?
फोटोंत नाही, विक्रीच्या पावतीत नाही,
माझ्या तर आठवणीतच नाही.
हो, म्हटलं. सगळ्यांत शेवटी आली. हट्टी आहे.
"आहेच," म्हणाली, आणि चहा प्यायली.

सोमवारी शेवटच्या धाग्यात थोडी जागा उरली.
ती निरर्थक अक्षरांनी भरून काढायची असते.
आइवार नेमका
चष्म्याचं घर शोधायला गेला होता.