थांब, आलो

खेळात शिरायच्या आधी जन्मसाल विचारतात.
एक चाक असतं, अंगठ्यानं खाली ओढायचं.
ओढत राहिलो.
एकोणीस गेलं, दुधाळीत कमरेएवढं पाणी.
पाच गेलं, त्याच भिंतीवरची त्याआधीची ओल.
अठ्ठ्याण्णव, धाकट्याची बारावी, दोन विषय राहिले.
सत्त्याऐंशी सावकाश गेलं. का ते सांगत नाही.
पुढं नुसतेच आकडे, एवढे की चहावर साय धरली,
आणि एकोणसाठला चाक टक्कन अडलं,
काळ्या फोनच्या डायलवर बोट अडायचं तसं.

त्या डायलशी माझी निम्मी नोकरी गेली.
टेलिफोन एक्सचेंज, रात्रपाळी, डोक्यावर हेडफोन.
सांगली लागली, बोला.
पुणे लागत नाही, थांबा.
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
खरखरीवरनं कळायचं
पलीकडचा माणूस उभा आहे की बसलाय.

तोच कान आता कामी येतो.
चौघं विमानातनं उडी मारतो, बेटावर उतरतो,
पडक्या कारखान्यात दबा धरून बसतो,
आणि पोरांच्या आधी मला ऐकू येतं
दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बूट घालून फिरतंय.
उजव्या कानानं. डावा दिवाळीपासनं रजेवर आहे.

माईक बंद. लिहून बोलायचं.
थांब. आलो. टाकीमागं दोघं हायत.
एक पोरगा कागलचा, एक गडहिंग्लजचा,
तिसरा बहुतेक पुण्याकडचा, फार बोलत नाही.
मला भावा म्हणतात.
भावा, गोळ्या आहेत काय?
आहेत की.
थायरॉईडची उपाशीपोटी, रक्तदाबाची नाश्त्यानंतर,
एक मोठी पांढरी आठवड्यातनं एकदा,
दुधाबरोबर, आणि दूध मला आवडत नाही.
त्यातली एकही बंदुकीत बसत नाही.
पोराला तीस काडतुसं टाकली आणि पुढं सरकलो.

परवा रात्री कागलचा पडला.
पुलाखाली आडवा, जीव लाल होत निघालेला,
आणि माझी बोटं आखडलेली.
'थ' कुठं असतो तेच सापडेना.
मग माईक दाबला,
आणि निवृत्तीच्या हाराबरोबर टेबलावर ठेवून आलेला
माझा तो आवाज
आपोआप उठून आला:
हलू नका. लाईनवर राहा. मी आलो.

बेटावर नुसता वारा.
मग गडहिंग्लजवाला, अगदी बारीक:
आयला, भावाची आजी बोलतीया.
आजी न्हवं रे. मीच.
पुण्याकडचा पहिल्यांदाच बोलला,
मग तुम्ही 'आलो' काय लिहिता सारखं?
गडहिंग्लजवाला त्याच्यावर खेकसला:
आमची आई पण आलोच म्हणती.

कागलच्याला पट्टी बांधत होतो. दहा सेकंद लागतात.
तेवढ्यात त्यानं विचारलं, भीत भीत,
वय किती तुमचं?
आतल्या खोलीतनं ह्यांचा खोकला आला,
मग प्रश्न, कोण आहे गं एवढ्या रात्री.
दोघांना एकच उत्तर दिलं:
लाईन बिझी आहे.

त्या डावात आम्ही अकरावे आलो.
पुढच्या तीन रात्री कुणीच फिरकलं नाही.
परीक्षा असतील, म्हटलं.
नसतीलही.
विमानतळावर एकटी माझी बाहुली उभी,
अंगात छत्तीस इंची छातीचं चिलखत,
एका पायावरनं दुसऱ्या पायावर भार टाकत.
तिचे गुडघे चांगले आहेत.

चौथ्या रात्री गोळी घेतली होती, दिवा मालवला होता.
उशाशी फोन थरथरला.
कागलचा. एकटाच. लिहून.
भावा, आहे काय?

आहे.
चष्मा सापडू दे.