टेक

बहारीनमधल्या या गावाचं नाव सार.
पहिल्या पत्रात शालनला लिहिलं होतं,
आमसुलाचं नव्हे गं, नुसतंच सार.
मागे खजुरीची बाग, पुढे गोऱ्यांचे बंगले,
मधल्या पटांगणात मी
कुत्र्यांना उड्या मारायला शिकवतो.
तिनं उलट टपाली विचारलं,
याचा पगार देतात?

देतात.
सव्वीस वर्षं देतायत.

त्याआधी फौजेचं श्वानपथक.
तिथली कुत्री वास घ्यायची आणि गप बसायची.
बसली की समजायचं, खाली सुरुंग.
माझी राणी अशी सोळा वेळा बसली.
सतराव्यांदा बसली तेव्हा आम्ही सगळे पोटावर आडवे.
जमिनीत काहीच निघालं नाही.
ती फक्त म्हातारी झाली होती.

इथे पहिल्या दिवशी एक कॉली
उगाच धावली.
काही शोधायचं नव्हतं, कुणाला धरायचं नव्हतं.
मी शिट्टी तोंडात धरून
वाजवायचीच विसरलो.

बारा खांब, दोन-दोन फुटांवर,
पहिला डाव्या खांद्याशी.
कुत्रं तुमचं तोंड ऐकत नाही, पाय वाचतं.
माझा व्हिसा अडकला होता त्या शुक्रवारी
मी चकार शब्द काढला नाही,
तरी पाचही जणं झोक्याच्या फळीवरून माघारी फिरली.

जूनपासून पहाटे साडेतीनला मैदान.
उलटा तळहात जमिनीला लावून सात मोजायचे.
हात राहिला तर पंजा राहील.
शमाल सुटला की आडव्या काठ्या
कुत्र्याच्या आधी वाराच पाडतो,
आणि बोगद्यातून घमेलंभर रेती निघते.

जासिमचा सलुकी, बर्क, म्हणजे वीज.
त्यानं अडथळ्यांकडे पाहिलं, वळसा घातला,
बागेच्या भिंतीला शिवून परत आला.
दीड वर्ष लागलं मला कळायला,
त्याला बरोबर धावणारं कुणी हवं होतं.
धावलो. चौपन्नाव्या वर्षी.
गुडघा त्याच हिवाळ्यात गेला.

स्पर्धेआधी एकदा कुत्र्याशिवाय फिरायचं असतं.
रिकामा हात पुढे करून,
इथे वळ, इथे दम धर,
जो नाही त्याला सांगत.
गेटवरचा दिलबहादूर म्हणाला, उस्ताद, ऊन लागलं काय?
अरे, फोनवरून पोरगी वाढवली मी.
दुसरं काय केलं?

हुकूम मराठीत.
इंग्रजी माझ्या जिभेवर येईतो
कुत्रं पलीकडे पोचलेलं असतं.
चल. वळ. हळू.
आणि उतरणीच्या शेवटच्या पिवळ्या पट्ट्यावर, टेक.
तिथे पंजा लागायलाच हवा.
वरूनच झेप घेतली तर सगळी धाव फुकट.

करार संपतात. बंगले रिकामे होतात.
कुत्री पिंजऱ्यात बसून विमानानं जातात,
पर्थला, ऑस्लोला,
माझे चार शब्द घेऊन.
शालन दर सुट्टीत म्हणते, आता टेका की जरा.
मी म्हणतो, पुढच्या वर्षी,
आणि तीही आताशा वर्ष विचारत नाही.

काल रॉटरडॅमहून आनेकेचा फोन.
फीन पिवळ्यावर थांबत नाही,
तो शब्द काय होता तुमचा?
टेक.
तेइक, ती म्हणाली.
नाही बाई, आखूड. जीभ दाताला नको, टाळ्याला.
तेक.
राहू दे. फोन तिच्या कानाशी धर.

मी उतरणीखाली उभा होतो,
पट्ट्याला नवा रंग देत, बोटं पिवळी,
घाम कोपरावरून डब्यात.
टेक, म्हणालो.

पलीकडे लाकडावर नखं वाजली,
आणि मग
वाजायची थांबली.